अण्णासाहेब कर्वे आणि पैपैचा हिशेब



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक-भगिनींनी मला सुचविले. आपल्या मंडळाची जमाखर्चाची वही गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे. वर्गणी घ्यायची, पावती फाडायची, महिनाअखेर बेरीज जुळवायची, हेच माझे मंडळातले काम. त्यामुळे चरित्र निवडतानाही माझे मन वहीकडेच वळले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम काढला, स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापिले आणि वयाची शंभरी गाठून ते भारतरत्न झाले, हे शाळकरी मुलींनाही पाठ असते. पण हे सारे कोणत्या पैशावर उभे राहिले, तो पैसा कसा जमला, कसा राखला गेला आणि त्यापायी घरातल्या माणसांना काय सोसावे लागले, हे क्वचितच सांगितले जाते. ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली येथे आजोळी झाला. घर मुरुडचे, दापोलीजवळच्या समुद्रकाठचे. घरची स्थिती बेताचीच. गावात सोमण नावाचे एक कळकळीचे शिक्षक होते. त्यांच्या सांगण्यावरून लहानगा धोंडू देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. आपल्याला जे मिळाले ते चारचौघांत वाटायचे, हे वळण तेथेच लागले.

१८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर-घाट तुडवीत चार दिवस पायी गेला. तेथे परीक्षकांनी त्याच्या अंगकाठीकडे पाहून तो वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. आल्या पावली परत. पुढच्या वर्षी त्याने आपल्या कोल्हापूरला येऊन तीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. आपल्या जिल्ह्याचा आणि अण्णांचा ऋणानुबंध असा फार जुना आहे.

पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. शिकवण्या करून पोट भरावे व शिकावे, असा क्रम होता. १८८४ साली गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. हातात चार पैसे येऊ लागताच आपल्या मिळकतीतला ठराविक भाग लोकांच्या कामासाठी बाजूला काढण्याची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली. मिळकत वाढल्यावर देऊ, असे त्यांनी म्हटले नाही. थोडी होती तेव्हाच थोडे दिले.

याच सुमारास, १८८६ च्या आगेमागे, त्यांनी मुरुड फंड सुरू केला. मुरुडची जी माणसे पोटासाठी बाहेरगावी गेली होती त्यांनी आपल्या कमाईतून काही काढून ठेवावे, ते एकत्र करावे आणि गावाच्या उपयोगी कामाला लावावे, अशी ही योजना. आज यात कोणाला नवल वाटणार नाही. आपल्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातली किती माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली! लालबाग-परळकडे गावकीची खोली, खोलीतल्या माणसांची दरमहा वर्गणी, आजाऱ्याला मदत, मयताच्या खर्चाची तजवीज, गावच्या देवळाला व शाळेला देणगी, हे आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी केलेलेच आहे. माझे मामंजी अशाच एका खोलीत तीस वर्षे राहिले. ते सांगत की, खोलीत गणपतीचा पैसा वेगळ्या डब्यात आणि आजार-मयताचा पैसा वेगळ्या डब्यात असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि महिने लोटले, तेव्हा काही जणांनी साराच पैसा वाटून घेऊ म्हटले. खोलीतल्या जुन्या माणसांनी गणपतीचा डबा उघडून दिला, पण मयताच्या डब्याला हात लावू दिला नाही. त्याच साली खोलीतला एक तरुण गेला. त्याच्या बायकोला लेकरे घेऊन गावी येण्यापुरते पैसे त्या डब्यातूनच मिळाले.

अशा मंडळ्या जगात सगळीकडे झाल्या आहेत. इंग्लंडात कामकरी लोकांनी दर आठवड्याला काही पेनी टाकून परस्पर साहाय्याचे फंड उभारले. कोणी आजारी पडला तर त्याला आठवड्याचा भत्ता, कोणी वारला तर त्याच्या अंत्यविधीचा खर्च. १७९३ साली तेथे या मंडळ्यांसाठी कायदाच झाला. ऑडफेलोज, फॉरेस्टर्स असल्या नावांचे त्यांचे बंधुसंघ निघाले. ऑडफेलोजच्या शाखांना लॉज म्हणत. अनेक मंडळ्यांची पैशाची पेटी तीन कुलपांची असे आणि तीन किल्ल्या तीन निरनिराळ्या माणसांकडे असत. तिघे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही! बायकांच्याही अशा मंडळ्या तेथे होत्या.

पण त्यातल्या पुष्कळ बुडाल्या, आणि त्या का बुडाल्या हे आपण समजून घेण्यासारखे आहे. चोरीने बुडाल्या त्या थोड्या. पुष्कळशा बुडाल्या त्या हिशेबाच्या अज्ञानाने. विशीतल्या आणि पन्नाशीतल्या सभासदाकडून एकच वर्गणी घ्यायची. सुरुवातीला सगळे तरुण, म्हणून पैसा साचतो. मग खूष होऊन भत्ते वाढवायचे. वीस-पंचवीस वर्षांनी सगळे एकदम म्हातारे होतात, आजारपणे वाढतात आणि पेटी रिकामी होते. रिकामी पेटी पाहून नवे तरुण येत नाहीत. म्हणजे ज्याने जन्मभर भरले, तोच गरजेच्या वेळी उपाशी. पुढे वयाप्रमाणे आजाराची कोष्टके तयार झाली, वर्गणी वयानुसार ठरू लागली, आणि मंडळीच्या कारभाराचा खर्च आजार-मयताच्या पैशातून करायचा नाही, अशी शिस्त आली. आपली भिशी या दृष्टीने निर्धोक असते, कारण ती वर्षाकाठी वाटून मोकळी होते. परंतु जी भिशी वाटून मोकळी होते, ती म्हातारपणाला पुरत नाही, हेही तितकेच खरे.

आता पुन्हा अण्णांकडे वळू. १८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. आजीव सभासद म्हणजे थोड्या वेतनावर वर्षानुवर्षे संस्थेची सेवा करण्याचे बंधन घेतलेला माणूस. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई देवरुखच्या जोश्यांच्या. बालपणीच त्यांचे कुंकू पुसले गेले होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनात शिकायला गेलेल्या पहिल्या विधवा त्याच. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले.

या लग्नाबद्दल मुरुडने अण्णांवर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी त्यांनी फंड उभा केला, त्याच गावाने सभा भरवून ठराव केला की, या माणसाला घरच्यांनी घरात घेतले तर त्यांनाही वाळीत टाकावे. आईला लेक भेटेनासा झाला. अण्णांनी गावाशी भांडण मांडले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी पुनर्विवाहाला साहाय्य करणारी मंडळी काढली. पण त्यांच्या लवकरच ध्यानी आले की, पुनर्विवाह करील अशी विधवा हजारांत एखादी, आणि बाकीच्यांना आधी हवे आहे ते स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे शिक्षण. म्हणून १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. अण्णांनी आपल्या शिलकीतले एक हजार रुपये प्रथम त्यात घातले, मग लोकांकडे हात पसरला.

येथे त्यांनी एक गोष्ट फार काळजीने केली. पुनर्विवाहाचे काम आणि आश्रमाचे काम त्यांनी एकमेकांत मिसळू दिले नाही. ज्यांना पुनर्विवाह पसंत नाही, पण विधवेने शिकावे असे वाटते, अशी माणसेही आश्रमाला पैसे देत आणि आपल्या मुली-बहिणी तेथे पाठवीत. त्यांचा पैसा त्यांना न रुचणाऱ्या कामाकडे जाता कामा नये, हा साधा न्याय. स्वतः पुनर्विवाह केलेल्या माणसाने एवढा संयम पाळला, हे मला फार मोठे वाटते. पुढे १९०७ साली इतर मुलींसाठी महिला विद्यालय काढले तेही आश्रमापासून वेगळे.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथे सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. कॉलेज सुटले की अण्णा पुण्याहून चार मैल चिखल तुडवीत, आश्रमाचे सामान घेऊन हिंगण्याला जात आणि सकाळी पुन्हा कॉलेजला हजर होत. ज्यांच्या घरची ऐपत होती त्या विधवांचा खर्च घरचे देत, ज्यांचे कोणी नव्हते त्यांचा भार आश्रम घेई. सुटी लागली की अण्णा वर्गणी गोळा करायला बाहेर पडत. दाते लाखांचे नव्हते. कोणी रुपया देई, कोणी चार आणे.

आणि घरात? आपण बायकांनी हा भाग डोळ्यांआड करू नये. स्वतःची शिल्लक आश्रमात, सुट्या आश्रमात, स्वतःच्या आयुष्याचा विमासुद्धा अण्णांनी आश्रमाच्या कामी लावला. बायांच्या पदरी मुले होती, समाज जवळ करीत नव्हता. नवऱ्याला काही झाले तर या मुलांचे कसे होणार, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला, भांडून विचारला. तो चूक होता असे कोण म्हणेल? एकदा विधवा होऊन पाहिलेल्या बाईला विम्याच्या कागदाची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळत असणार. त्या रडत बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, की वेळ आली तर स्वतःच्या हाताने कमवता यावे. पुढे त्याच आश्रमासाठी त्याही वर्गणी मागत हिंडल्या. माझे पुराण या आपल्या आत्मकथेत त्यांनी ही बाजू आडपडदा न ठेवता लिहून ठेवली आहे. २९ नोव्हेंबर १९५० रोजी त्या वारल्या. हिंगण्याच्या जमाखर्चात बायांचे नाव दात्यांमध्ये घातले, तर ते अगदी वर घालावे लागेल.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. ऐन तारुण्यात वैधव्य, पदरी एक मुलगा. शिकायला सुरुवात केली तेव्हा पंचविशी उलटलेली. या बाईने पुढे आश्रमाची झोळी खांद्यावर घेतली आणि गावोगाव व्याख्याने देत पैसा आणला. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी बेताचे, ओळखीचे कोणी नाही. लोकांच्या घरी घरकाम करून तेथे राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी मदत मिळवून १९२० साली परत आल्या. वर्गणी मागायला शेजारच्या गल्लीत जाताना आपल्याला संकोच वाटतो, तेव्हा पार्वतीबाईंची आठवण काढावी.

१९०८ साली अण्णांनी निष्काम कर्म मठ स्थापिला. नाव मठाचे असले तरी तेथे पूजाअर्चा मुख्य नव्हती. हाही एक बंधुसंघच होता, आणि भगिनीसंघही, कारण स्त्रियांनीही त्याची शपथ घेतली. आपले आयुष्य संस्थेला द्यायचे आणि पोटापुरते तेवढे घ्यायचे, असा नियम. इंग्लंडातल्या लॉजचा सभासद आपल्या अडचणीसाठी पैसा साठवी. मठाचा सभासद दुसऱ्याच्या अडचणीसाठी स्वतःला वाहून घेई. संस्थेला नुसता पैसा पुरत नाही, टिकून राहणारी माणसे लागतात, हे अण्णांनी ओळखले होते.

१९१५ साली जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ साली त्यांनी आपले महिला विद्यापीठ सुरू केले. सरकारचे साहाय्य नाही, मान्यता नाही. मग पैसा कोणाचा? पुन्हा वर्गणीदारांचाच. दरसाल ठराविक वर्गणी भरणाऱ्यांचे मतदारसंघ करून त्यांनी निवडलेले लोक विद्यापीठाच्या कारभारात घेतले. जो भरतो त्याला विचारले पाहिजे, हे तत्त्व. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. या पंधरा लाखांवर साडेतीन टक्क्यांनी वर्षाला बावन्न हजार पाचशे रुपये मिळायचे होते. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर संस्था चालवायची, अशी ही मांडणी. आपल्या मंडळाच्या ठेवीला आपण हात लावीत नाही, त्यामागचा विचार हाच आहे, रक्कम मात्र लहान. एवढी मोठी देणगी मिळाली तरी अण्णांची झोळी खाली आली नाही. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका व जपानच्या प्रवासाला निघाले आणि त्यानंतर आफ्रिकेतही गेले. जेथे जेथे आपले लोक भेटले तेथे त्यांनी विद्यापीठाची माहिती सांगितली आणि मदत मागितली.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो त्यांचा शेवटचा उद्योग. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढायची. स्वतःच्या सत्तर रुपयांच्या पेन्शनमधून ते दरमहा पंधरा रुपये त्यात घालू लागले आणि उरलेल्यासाठी पुण्याच्या पेठांतून दारोदार, दुकानोदुकान हिंडून किरकोळ नाणी गोळा करू लागले. विद्यापीठाचा संस्थापक दोन पैशांसाठी दुकानाच्या पायरीवर उभा! लोकांना ते पाहवत नसे, पण अण्णांना त्यात कमीपणा वाटला नाही. या मंडळाने चाळीसच्या आसपास शाळा चालविल्या. १९४४ साली त्यांनी समता संघ काढला. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली भारतरत्न आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चौथ्या वर्षी अण्णांची प्राणज्योत मालवली.

आता हे सारे नेसरीच्या मंडळात कशासाठी सांगायचे? आपल्या मंडळात आजारपणासाठी व अडल्यानडल्या भगिनींसाठी कायमचा साहाय्य निधी काढावा, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना उत्तम आहे. तिच्यावर बोलताना काही भगिनींचे म्हणणे पडले की, आपण सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या, तेव्हा पावत्या, तपासणी, वेगळी खाती असला व्याप कशाला? या म्हणण्यामागची माया मला समजते. पण माझ्या माहेरच्या एका विधवा चुलतीने शेत विकून आलेला पैसा एका पतसंस्थेत ठेवला होता. तेथेही सगळे ओळखीचेच होते. संस्था बंद पडली आणि ती बाई चार वर्षे हेलपाटे घालीत राहिली. पदरात पडले ते मुद्दलाच्या निम्म्याहून कमी. ओळख ही गोष्ट चांगली, पण ती हिशेबाच्या जागी बसत नाही.

म्हणून निधी काढताना चार गोष्टी ठरवून घ्याव्यात, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. साहाय्याचा पैसा निराळ्या खात्यावर ठेवावा आणि सहल, हळदीकुंकू, स्मरणिका यांचा खर्च त्यातून करू नये. खात्यावर दोघींच्या सह्या असाव्यात आणि वही तिसरीने तपासावी. किती मदत द्यायची ते शिलकीकडे व सभासदांच्या वयाकडे पाहून ठरवावे. आज आपण किती जणी साठीच्या पुढे आहोत हे मोजावे, तरुण सुनांना सभासद करून घ्यावे. आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च सभेत मोठ्याने वाचावा, मग ऐकायला दहा जणी असोत की दोन. यात अविश्वास नाही. वही वाचली गेली म्हणजे जिच्याकडे वही आहे तिलाही रात्री सुखाने झोप लागते, हे मी अनुभवाने सांगते.

आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. कायदा राजा करू शकतो. पण एखादी भगिनी रात्री अकरा वाजता गडहिंग्लजच्या दवाखान्यात न्यावी लागली, तर गाडीचे भाडे कायद्यातून मिळत नाही. ते शेजारणीच्या पदरातून मिळते, किंवा मंडळाच्या डब्यातून. तो डबा आपण भरावा, नीट राखावा आणि गरजवंतीपुढे वेळेवर उघडावा. येत्या सभेत साहाय्य निधीचा विषय पहिला घेतला आहे. सर्व भगिनींनी त्या दिवशी अगत्य यावे आणि येताना पहिली वर्गणी, मग ती कितीही लहान असो, सोबत आणावी, ही विनंती.